भाड्याच्या उत्पन्नासाठी पुण्यात फ्लॅट : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेशाने मी हिशेबनीस. गेल्या बारा-तेरा वर्षांत पुण्यात भाड्याने देण्यासाठी तीन फ्लॅट घेतले, त्यातला एक विकला. तेव्हापासून दिवाळीचा बोनस झाला की किंवा कुणी निवृत्त झालं की मला फोन येतात. मामा विचारतात, वन्सं विचारतात, न्यू जर्सीतला भाचा रात्री साडेअकराला विचारतो. प्रश्न तेच, म्हणून एकदा उत्तरं लिहून ठेवली. आकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे आहेत. मुंबईचं गणित वेगळं.

भाड्यात कर्जाचा हप्ता फिटतो ना?

नाही फिटत. बाकी काही वाचायचं नसेल तर एवढंच वाचा.

समजा, उपनगरात ७५ लाखांचा दोन बीएचके घेतला. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. एजंटाचा एक टक्का, ७५ हजार. रिकाम्या खोल्यांना चांगला भाडेकरू येत नाही, त्यामुळे पंखे, गीझर, किचन ट्रॉल्या, दोन कपाटं, पडद्यांचे रॉड, खिडक्यांच्या जाळ्या यांत अडीच लाख गेले. फ्लॅट ७५ लाखांचा राहिला नाही, ८३ लाख ८० हजारांचा झाला. बहुतेक जण इथेच चुकतात आणि पुढचं सगळं गणित ७५ वर मांडतात.

आता आवक. भाडं २४ हजार. वर्षाचे महिने बारा असले तरी धरायचे अकरा, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंग, साफसफाई, दाखवादाखवी यांत महिना जातोच. झाले २ लाख ६४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४२ हजार, मिळकत कर १२ हजार, एजंट आणि करारनाम्याचा खर्च सरासरी १२ हजार, दुरुस्त्या १५ हजार. हातात उरले १ लाख ८३ हजार. गुंतवलेल्या ८३.८० लाखांवर हे सव्वादोन टक्केही होत नाहीत. प्राप्तिकर अजून धरलेलाच नाही.

आणि हप्ता? ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं : महिना सुमारे ५२ हजार ७० रुपये, वर्षाला सव्वासहा लाख. म्हणजे दर महिन्याला आपल्या पगारातून सुमारे ३६ हजार ८०० रुपये त्या फ्लॅटला घालायचे. ‘भाडेकरूच घर फेडतो’ हे वाक्य परदेशातल्या व्हिडिओंमधून आपल्याकडे आलं आहे. तिथे काही शहरांत भाडं किमतीच्या सहा-आठ टक्के असतं. आपल्याकडे ते तीनच्या आसपास आणि वरच्या उदाहरणातलं कर्ज साडेआठने. ही दरी हुशारीने भरत नाही, रोख पैशानेच भरते.

मग लोक घेतात कशाला?

भाव वाढेल म्हणून. तो वेगळा धंदा आहे आणि वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्ही एकाच वहीत लिहू नका. भाड्यासाठी घेतलेल्या फ्लॅटने दर महिन्याला पैसे द्यायला हवेत. भाववाढीसाठी घेतलेला फ्लॅट विकेपर्यंत पैसे खाणार, आणि ते खायला घालायची आपली तयारी हवी. माझ्या ओळखीत जे अडकले ते सगळे भाववाढीचा फ्लॅट भाड्याचा म्हणून घेतलेले.

हातात पैसे देणारा फ्लॅट असतोच का मग?

असतो. दिसायला मात्र तो अजिबात रुबाबदार नसतो.

मी पहिला घेतला तो सिंहगड रोडला, वडगाव बुद्रुकमध्ये, २०१३ साली. एक बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत तेव्हाच बारा वर्षांची. २९ लाख. हॉलमध्ये सोफा ठेवला तर टीव्ही भिंतीला टांगावा लागतो. कर्ज काढलं फक्त १० लाख, बाकी गावची जमीन विकून आलेले. भाडं तेव्हा साडेआठ हजार होतं, आज १४ हजार आहे. खालीच बसथांबा, समोर दूध-भाजी. एवढ्या वर्षांत तो फ्लॅट सगळा मिळून पाच महिनेही रिकामा राहिला नसेल.

माझ्या खरेदीच्या किमतीवर आज हे भाडं पावणेसहा टक्के पडतं आणि कुणाला सांगितलं की ते खूश होतात. पण ती फसगत आहे. तसाच फ्लॅट आज ४५ लाखांच्या खाली मिळत नाही, म्हणजे आज घेणाऱ्याला तेच भाडं पावणेचार टक्के. जुने मालक आपला टक्का सांगतात तेव्हा तो कुठल्या सालच्या किमतीवर आहे ते आधी विचारा.

एक साधी गोष्ट मात्र कायम दिसते. फ्लॅट जितका मोठा आणि उंची, तितका भाड्याचा टक्का कमी. सव्वा कोटीच्या तीन बीएचकेला एक बीएचकेच्या तिप्पट भाडं येत नाही. स्विमिंग पूल आणि क्लब हाउसचा मेंटेनन्स मात्र चौपट येतो.

कुठल्या भागात घ्यावा?

हा प्रश्न मला उलटा विचारायला आवडतो : भाडेकरू कोण हवा?

आयटीतलं जोडपं हवं असेल तर पश्चिमेला वाकड, बाणेर, बालेवाडी, आणि पूर्वेला खराडी, विमाननगर, मगरपट्टा-हडपसर. हिंजवडीच्या आत फ्लॅट स्वस्त पडतो, पण भाडेकरू आधी विचारतो, ‘भूमकर चौक ओलांडावा लागतो का?’ कारण वाहतूक तिथेच तुंबते. या पट्ट्यात भाडं चांगलं, पण सगळी मदार एकाच धंद्यावर. २०२० च्या मार्चमध्ये कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि दोन महिन्यांत पोरं चादरी-गाद्या गाडीला बांधून नागपूर, लातूर, इंदूरला गेली. माझा वाकडचा फ्लॅट तेव्हा आठ महिने रिकामा होता. हप्ता चालू, मेंटेनन्स चालू, दारात फक्त धुळीचा थर. ऑफिसं पुन्हा भरल्यावर भाडी वर गेली हे खरं, पण ते आठ महिने ज्याच्याकडे गंगाजळी होती त्यालाच निभावता आले. बाकीच्यांनी मिळेल त्या भावाला विकले.

कुटुंब हवं असेल तर कोथरूड, कर्वेनगर, वारजे. शाळा जवळ असली की कुटुंब हलत नाही. माझ्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब सात वर्षं राहिलं. ते गेल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा सापडल्या, प्रत्येकीपुढे तारीख, मुलीची उंची. रंगाऱ्याला ती चौकट सोडायला सांगितली. कोथरूडला मेट्रोही आहे. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला आणि २०२४ मध्ये तीच मार्गिका रामवाडीपर्यंत पोचली. स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत असलेला जुना फ्लॅट पाहिला तर तिथे मी थोडे जास्त पैसे देईन.

वाघोली, आंबेगाव, धायरी-नऱ्हे, उंड्री-पिसोळी इथे भाव कमी म्हणून भाड्याचा टक्का कागदावर छान दिसतो. यातली बरीच गावं २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण पालिका आली म्हणून नळाला पाणी आलं असं नाही. अशा ठिकाणी फ्लॅट एप्रिल-मे मध्ये बघायला जा. तेही रविवारी दुपारी एजंटबरोबर नको, मंगळवारी सकाळी सात वाजता एकटे. गेटवर उभं राहून टँकर मोजा. वॉचमनला विचारा, दिवसाला किती येतात. मग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर ‘पाणी’ हा रकाना बघा. एका इमारतीत मला तो मेंटेनन्सच्या निम्म्याहून जास्त दिसला. टँकरचं पाणी मालकाच्या खिशातून येतं, कारण भाडेकरू मेंटेनन्ससह ठरलेलं भाडं देतो.

नदीकाठ असेल तर पूररेषा तपासा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत शिरलं. नदीचं दर्शन बाल्कनीतून छान वाटतं, पार्किंगमधून नाही.

भाडं किती येईल हे कुणाला विचारावं?

एजंटाला नाही, तो विकायला बसलाय. वेबसाइटवरचे आकडे मालकांनी मागितलेले असतात, मिळालेले नसतात. इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याला विचारा. कुठल्या विंगमध्ये किती भाडेकरू आहेत, कोण का सोडून गेलं, कोणता फ्लॅट तीन महिने रिकामा आहे, हे सगळं त्याला ठाऊक असतं. चार कपडे इस्त्रीला द्या, अर्धा तास बसा.

बांधकाम चालू असलेला घ्यावा की रीसेल?

भाड्यासाठी रीसेल. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का). पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्यावर लागत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं भाडं शून्य आणि बँकेचं व्याज चालू. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, २०१७ पासून आलं, त्यामुळे प्रकल्पाची माहिती, ताब्याची तारीख, कार्पेट क्षेत्र हे सगळं घरबसल्या बघता येतं आणि हा मोठा फरक आहे. पण महारेराची नोंदणी भाडं आणून देत नाही.

रीसेलमध्ये बघायचं ते असं : आधीच्या सगळ्या व्यवहारांचे करारनामे आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का. नऱ्हे-धायरीकडे काही इमारतींचा नकाशा मंजूर चार मजल्यांचा आणि उभे सहा. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट वीस टक्के स्वस्त का आहे, त्याचं उत्तर तिथे असतं. बँक कर्ज नाकारते तेव्हा रागावू नका, तिने फुकटात वकिली केलेली असते.

कोथरूड-कर्वेनगरच्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्यांत विक्रेता ‘रीडेव्हलपमेंट होणार आहे’ म्हणून भाव वाढवून सांगतो. सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा म्हणा. ‘चर्चा चालू आहे’ ही चर्चा मी एका सोसायटीत नऊ वर्षं ऐकतेय.

फ्लॅट बायकोच्या नावाने घेतला तर मुद्रांक शुल्क वाचतं का?

एक टक्का वाचतं, ७ ऐवजी ६. पण सवलत फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर खरेदी असेल तर. नवरा-बायको दोघांचं नाव घातलं की सवलत गेली. आणि पैसे नवऱ्याचे असतील तर भाडं बायकोच्या नावाने आलं तरी प्राप्तिकरात ते नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. हे ऐकल्यावर मामांचा चेहरा पडला होता. मामींचा नाही.

कर्ज किती मिळतं, किती काढावं?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सामान हे सगळं आपल्या खिशातून.

काढावं किती हे मी एका वाक्यात सांगते : खर्च वजा जाता उरलेल्या भाड्यात हप्ता बसेल एवढंच. वरच्या उदाहरणात महिन्याला साधारण सव्वापंधरा हजार उरतात, त्यात वीस वर्षांचं साडेसतरा लाखांचं कर्ज बसतं. ७५ लाखांच्या फ्लॅटला साडेसतरा लाख. ऐकणारे इथे फोन ठेवतात. बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नसतो, त्यामुळे सुरुवातीला थोडं जास्त काढून दोन-तीन वर्षांत खाली आणायचं असेल तर चालेल. ते मी केलंय.

करार अकरा महिन्यांचाच का करतात?

सवय. इतर राज्यांत एक वर्षाच्या आतल्या भाडेकरारांना सहसा नोंदणी लागत नाही, त्यातून अकरा महिन्यांचा रिवाज पडला. महाराष्ट्रात त्याला काही अर्थ नाही. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला कागद म्हणजे करार नव्हे, हे अजून कितीतरी मालकांना माहीत नाही.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्स (फक्त राहण्याची परवानगी देणारा करार) साठ महिन्यांपर्यंत करता येतं आणि त्यावर एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. २४ हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, ३३ महिने : शुल्क सुमारे दोन हजार, शहरात नोंदणी फी एक हजार. तेच अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर तीनदा नोंदणी फी आणि तीनदा एजंट दारात. मी ३३ महिन्यांचा करते, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहिते. अंगठे घ्यायला माणूस मशीन घेऊन घरी येतो, ओळखपत्रं तयार ठेवायची.

भाडेकरू गेलाच नाही तर?

ही भीती पेठांतल्या वाड्यांनी आपल्या रक्तात घातली. माझ्या आजोळच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती, भाडं कुणाचं अठरा रुपये, कुणाचं पंचवीस. कौलं गळायला लागली तेव्हा मालक म्हणाले, वर्षभराच्या भाड्यात एक कौल येत नाही. ते भाडेकरू संरक्षित होते, कुणाला उठवता येत नव्हतं.

लिव्ह अँड लायसन्स त्यातलं नाही. इथे राहणाऱ्याला फक्त वापराची परवानगी असते. मुदत संपूनही तो गेला नाही तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, नोंदणीकृत करार हाच निर्णायक पुरावा धरतात आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, पण वाड्यासारखी पिढी जात नाही. फक्त नोंदणी नसेल तर हातातली काठीच गेली.

पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायला विसरू नका. ती ऑनलाइन भरता येते.

सोसायटी भाडेकरू ठेवू देत नाही म्हणते. काय करायचं?

भाड्याने देणं हा तुमचा हक्क आहे. सोसायटीला कळवायचं, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो ना-भोगवटा आकार लावते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. एका सोसायटीने माझ्याकडून दोन वर्षं दुप्पट मेंटेनन्स घेतला होता. ‘भाडेकरूंमुळे लिफ्ट जास्त वापरली जाते’ असं सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. आदेशाची प्रत जोडून पत्र दिलं, पुढच्या बिलातून जास्तीचे पैसे वळते झाले. भांडण नाही, पत्र. पोच घ्यायची.

बॅचलर मुलांना, एकट्या बाईला किंवा विशिष्ट धर्माच्या माणसाला नको असे ‘ठराव’ असतात. त्यांना कायद्याचा आधार नाही, पण भाडेकरूला रोज गेटवर अडवलं तर तो तीन महिन्यांत पळतो. म्हणून विकत घेण्याआधी नोटीस बोर्ड वाचा. सोसायटीचा स्वभाव तिथे ठळक अक्षरांत लावलेला असतो.

कॉट बेसिसवर दिलं तर जास्त मिळतं म्हणतात?

मिळतं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत एमपीएससी करणारी मुलं, कर्वेनगरला कॉलेजच्या मुली. दोन बीएचकेमध्ये सहा कॉट टाकले, प्रत्येकी पाच हजार धरले तर तीस हजार. कुटुंबाला दिला असता तर बावीस-तेवीस आले असते. पण हा फ्लॅट भाड्याने देणं नव्हे, छोटी खाणावळ चालवण्यासारखं आहे. वीजबिलाची वाटणी, तुंबलेला ड्रेन, परीक्षा झाली की तीन कॉट एकदम रिकामे, रात्री दहाला फोन ‘ताई, गीझर चालत नाही’. मी दीड वर्ष केलं. गाव सोडून आलेल्या मुलांबद्दल जीव तुटतो आणि भाडं मागताना जीभ अडखळते, तिथेच माझा धंदा बुडाला. तुम्ही त्याच इमारतीत किंवा गल्लीत राहत असाल तर करून बघा.

डिपॉझिट किती घ्यावं?

पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं. जास्त मागितलं की चांगला माणूस शेजारचा फ्लॅट बघतो. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे, एकरकमी मोठी रक्कम आणि भाडं नाममात्र. महिन्याचं उत्पन्न हवं असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. ती रक्कम परत द्यायची असते आणि नेमकी तेव्हा ती कुठेतरी अडकलेली असते.

घर ताब्यात देताना भिंतींचे, नळांचे, कमोडचे फोटो दोघांच्या देखत काढा. डिपॉझिटची निम्मी भांडणं त्यातच मिटतात.

दुरुस्त्यांना वर्षाला खरंच पंधरा हजार लागतात?

काही वर्षी दोन हजार. आणि मग एका जुलैमध्ये वरच्याच्या बाथरूममधून पाणी उतरतं. आधी कोपऱ्यात चहाच्या कपाएवढा पिवळा डाग, आठवड्यात त्याला पोपडे, पंधरा दिवसांत भाडेकरू बादली ठेवून फोटो पाठवतो. वरचा मालक बंगळूरला, त्याचा भाडेकरू म्हणतो माझा काय संबंध. प्लंबर, फरशी फोडणं, वॉटरप्रूफिंग, परत रंग. माझ्या वाट्याला ३८ हजार आले, आणि दोन महिन्यांचं भाडं सोडावं लागलं ते वेगळं. सरासरी म्हणजे अशा वर्षांची बेरीज.

प्राप्तिकर किती कापला जातो?

मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकत कर वजा. उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा, दुरुस्तीच्या पावत्या असोत वा नसोत. त्यातून कर्जाचं व्याज वजा. मेंटेनन्सची वेगळी वजावट नाही, ती त्या तीसमध्येच आली.

व्याज जास्त आणि भाडं कमी असेल तर तोटा दिसतो. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो, नव्या पद्धतीत पगारातून वजा होतच नाही. ‘टॅक्स वाचवायला दुसरं घर’ हा सल्ला देणाऱ्याला तुम्ही कुठली पद्धत निवडलीत हे विचारल्याशिवाय सोडू नका. उलट निवृत्त माणसाला भाडं सोयीचं पडू शकतं : २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर येत नाही, त्यात पेन्शन आणि भाडं दोन्ही बसलं तर उत्तम.

महापालिकेची मिळकत करातली ४० टक्के सवलत भाड्याच्या फ्लॅटला मिळते?

नाही. ती स्वतः राहणाऱ्यासाठी आहे. विक्रेत्याचं मिळकत कराचं बिल बघून गणित केलंत आणि त्याला सवलत असेल, तर तुमचं बिल वाढून येईल.

मी परदेशात असतो. जमेल का?

घेता येतं. अनिवासी भारतीयाला फ्लॅट घ्यायला अडचण नाही, शेतजमीन आणि फार्महाउस मात्र नाही. घोळ भाड्यात होतो. मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असो, आणि दर ३० टक्के अधिक उपकर. बिचाऱ्या भाडेकरूला हे माहीतच नसतं. नंतर नोटीस आली की दोघं एकमेकांकडे बघतात. करारातच लिहा आणि दर कमी करून घेण्याचं प्रमाणपत्र वेळेत काढा. भाच्याला मी हे तीनदा सांगितलंय. मुखत्यारपत्र कुणाला देताय, तेही दोनदा विचार करून. घर विकायचा अधिकार त्यात घालायची काही गरज नसते.

फ्लॅटपेक्षा दुकान बरं का?

टक्का जास्त, रिकामपण लांब. माझ्याकडे नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही. ऑफिसच्या भाड्यात वाटा हवा आणि नळ गळल्याचा फोन नको असेल तर शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांच्या पैशातून इमारती घेऊन त्यांचं भाडं वाटणारे ट्रस्ट. हिंजवडी, खराडीतल्या काही आयटी इमारती त्यांच्याच मालकीच्या आहेत, आणि एक युनिटही विकत घेता येतं. किंमत रोज वर-खाली होते, ते बघवत नसेल तर घेऊ नका.

दरवर्षी भाडं किती वाढवावं?

पाच टक्के. बाजारात दहा मिळत असतील तरी चांगल्या माणसाला पाच. २४ हजारांवर पाच टक्के जास्त म्हणजे महिना बाराशे, वर्षाला १४ हजार ४००. तो सोडून गेला तर एक महिना रिकामा, एक महिन्याचं भाडं एजंटाला आणि रंग. हिशेब तुम्हीच करा.

चावी कुणाकडे ठेवायची?

शेजारच्या काकूंकडे. एजंटाकडे ठेवली की फ्लॅट दाखवताना पंखे चालू राहतात आणि बाल्कनीत सिगारेटची थोटकं सापडतात. काकूंना दिवाळीत फराळ पाठवायचा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा दार उघडून छताचे कोपरे बघायला सांगायचं.